भट्टीच्या रंगातलं क्वांटम

(दृश्य: फौंड्री. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. चेहऱ्यांवर नारिंगी उजेड.)

शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, नाहीतर कोल्हापूरचं जुनं उद्यमनगर. फौंड्रीत मुरलेला माणूस लोखंडाच्या रंगावरून ताव ओळखतो. काळपट तांबडं म्हणजे सहाशे-सातशे अंश. नारिंगी-पिवळं झालं की हजाराच्या घरात. साच्यात ओतायचं बीड चौदाशेच्या आसपास असतं, डोळे दिपवणारं.

पण तापलेलं लोखंड आधी तांबडंच का दिसतं? निळं का नाही? प्रश्न शाळकरी वाटतो. १९०० सालापर्यंत भल्याभल्यांना त्याचं धड उत्तर देता येत नव्हतं. तेव्हाच्या भौतिकशास्त्राचा हिशोब मांडला, तर तापलेल्या वस्तूतून जांभळ्याच्याही पलीकडचा, अतिनील प्रकाश अमर्याद बाहेर पडायला हवा. भट्टीसमोरचा कामगार जागीच करपायला हवा. तो तर चहा पितोय.

(दृश्य: बर्लिनची जुनी छायाचित्रं.)

बर्लिनमध्ये काही शास्त्रज्ञ तापवलेल्या पोकळीतून येणारा प्रकाश बारकाईनं मोजत होते. त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी: विजेचे दिवे नवे होते आणि उजेड मापायला पक्कं प्रमाण हवं होतं. त्या आकड्यांशी जुळणारं सूत्र शोधताना भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी एक गृहीतक मांडलं. ऊर्जेची देवघेव सलग होत नाही, ठरावीक रकमेच्या नोटांत होते, असं समजा. अशी एक नोट म्हणजेच क्वांटम. तांबड्या प्रकाशाची नोट लहान. जांभळ्याची साधारण पावणेदोनपट. अतिनीलची त्याहून मोठी, आणि सुटे कुणीच देत नाही. उष्णतेनं थरथरणाऱ्या अणूंच्या खिशात रक्कम किरकोळ. तांबड्याचा व्यवहार कसाबसा जमतो, जांभळ्याचा क्वचित, अतिनीलचा जवळजवळ नाहीच. ताव वाढला की खिसा वाढतो आणि रंग पिवळ्या-पांढऱ्याकडे सरकतो.

गणित हवंच असेल, तर नोटेची रक्कम एका गुणाकारानं निघते: प्रकाशाची कंपनसंख्या गुणिले प्लांकचा स्थिरांक. ज्यूल-सेकंदात हा स्थिरांक लिहायचा तर दशांशचिन्हापुढे ३३ शून्यं, मग ६. इतका चिमुकला, म्हणून एरवी ऊर्जा सलगच वाटते.

क्वांटम म्हटलं की श्रोडिंगर यांच्या कल्पनेतलं पेटीतलं मांजर आठवतं; ते जिवंत की मेलेलं, हा वाद बराच नंतरचा. आणि क्वांटमच्या नावानं विकल्या जाणाऱ्या हातातल्या कड्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

(दृश्य: प्रयोगशाळेची खोली. ग्राइंडरचा आवाज.)

आता भट्टीशेजारच्या खोलीत. पळीभर धातू तांब्याच्या साच्यात ओतून बिल्ला पाडलाय. त्याचं एक तोंड घासून साफ करायचं, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर, पालथं ठेवायचं. चर्र... ठिणगी. मिनिटभरात स्क्रीनवर आकडे: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस.

मशीनला कळलं कसं? १९१३ साली भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी मांडलं की अणूतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरलेल्या पातळ्यांवरच राहता येतं. वरून खाली उतरताना तो मधला फरक प्रकाशाच्या रूपानं टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून प्रकाशाच्या रेषाही वेगळ्या. कोणती रेषा किती तेजस्वी, एवढंच मशीन मोजतं. गंधक-फॉस्फरसच्या कामाच्या रेषा अतिनीलात असतात. ठिणगी भट्टीपेक्षा कितीतरी तापलेली, त्यामुळे भट्टीला न परवडणारी नोट इथं खपते. पण हा प्रकाश हवाच गिळून टाकते, म्हणून ठिणगी आर्गॉन वायूत पाडतात. कोपऱ्यातलं सिलिंडर त्याचंच.

सिलिकॉन कमी भरलंय. भट्टीत फेरोसिलिकॉन पडतं. पुन्हा बिल्ला, पुन्हा ठिणगी. आकडे बसल्याशिवाय ओतकाम सुरू होत नाही.