हिरड्यांवर उपचार आणि रक्तातली साखर

श्रोतेहो, नमस्कार. मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर, जेवणात पथ्य, रोजचं चालणं, आणि तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, हटून बसलेली. अशा वेळी आरशासमोर ओठ उलटून हिरड्या पाहाव्यात. सुजलेल्या, लालभडक, ब्रश लागताच रक्त येणाऱ्या हिरड्या साखर वाढवायला हातभार लावतात.

दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत जंतूंचा थर साचतो, त्याचं कीटण होतं. तिथली सूज महिनोन्‌महिने टिकते, तिच्यातून निघणारी द्रव्यं रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. उलट, साखर वाढलेली असली की हिरडीची जखम लवकर भरत नाही. असं हे दुष्टचक्र.

दंतवैद्य बारीक सळईने फटीची खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार किंवा जास्त आणि वर रक्त, तर हिरडीखालची सफाई लागते. भूल देऊन मुळांवरचं कीटण खरवडतात, बहुधा दोन-चार भेटींत. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार अशा उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरतं. म्हणजे ८.२ असेल तर ७.८ च्या आसपास. प्रत्येकाचं उतरेलच असं नाही; २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत फरक दिसला नव्हता. म्हणून मधुमेहाची औषधं स्वतःहून कमी करू नका.

सफाईला उपाशीपोटी जाणं ही नेहमीची चूक. इन्सुलिन घेतलं, नाश्ता टाळला, भूल उतरेपर्यंत नीट खाता आलं नाही, की साखर एकदम खाली जाते. सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून जा, आपली औषधं डॉक्टरांना सांगा.

‘सफाईने दात सैल होतात’ हा समज काही जात नाही! सूज ओसरली आणि कीटण निघालं की झाकलेल्या फटी उघड्या पडतात, इतकंच. काही दिवस दात थंडगार पाण्याने शिवशिवतील.

घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. रक्त येतं म्हणून ती जागा सोडू नका. दातांच्या मधल्या जागेसाठी बारीक इंटरडेंटल ब्रश वापरा. मिश्री मात्र बंदच. ती तंबाखूच आहे.

तीन महिन्यांनी फटींची खोली पुन्हा मोजून घ्या. एचबीए१सीही त्याच सुमारास तपासा. फार आधी केलं, तर आकड्यात उपचारापूर्वीची साखरच जास्त मोजली जाते.