सिलिंडर मोजणारा पोरगा आणि त्याला मोजणारे आपण

(नागपुरात शिल्प निदेशकांसमोर, म्हणजे आयटीआयमध्ये ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर, दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, आपल्या क्षेत्रातले संशोधनाचे बरेचसे प्रस्ताव एकाच साच्यातले असतात. एका बॅचला व्हिडिओ दाखवून शिकवायचे, दुसरीला नेहमीसारखे, आधी चाचणी, नंतर चाचणी, सरासरीतला फरक काढायचा. चाचणीत मार्क नेमके कशाला दिले, हे मात्र अर्ध्या ओळीत उरकलेले असते. आज बोलायचे आहे ते त्या अर्ध्या ओळीबद्दल.

मोटर मेकॅनिकचा नेहमीचा जॉब घ्या: बोअर डायल गेजने, म्हणजे आतला व्यास मोजणाऱ्या काट्याच्या साधनाने, सिलिंडर मोजणे. बोअर, म्हणजे सिलिंडरचे आतले भोक, 50 मिलिमीटरचा धरू. मायक्रोमीटर 50.00 वर लॉक करायचा, त्यात गेज धरून डायल शून्यावर आणायची. मग वर, मध्ये आणि खाली अशा तीन खोलींवर, क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) रेषेत आणि तिच्या काटकोनात, अशी सहा मापे. एका खोलीवरच्या दोन मापांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. एकाच दिशेच्या वरच्या-खालच्या मापांतला फरक म्हणजे टेपर.

पोरे इथे मुख्यतः तीन चुका करतात. पहिली, गेज झुलवताना काटा जिथून उलटा फिरतो ते सर्वांत लहान माप न घेता भलतीकडेच थांबतात. गेज तिरपा राहतो आणि माप मोठे येते, तेही दरवेळी वेगळे. दुसरी, शून्यच चुकीचे लावतात, मग सहाही मापे सारख्याच अंतराने सरकतात. तिसरी चूक दिशेची. बोअर मोठा असला की प्लंजर (गेजची आत-बाहेर सरकणारी टोकाची दांडी) बाहेर येतो आणि काटा घड्याळाच्या उलट फिरतो. पोरगा ते वजा समजतो आणि 50.06 च्या जागी 49.94 लिहितो. घासलेला सिलिंडर मूळ मापापेक्षा लहान कसा झाला, हे ना त्याला खटकते ना कधीकधी तपासणाऱ्याला.

आता गंमत बघा. उत्तरपत्रिकेत फक्त ओव्हॅलिटी आणि टेपर विचारले, तर शून्य चुकलेल्याचे उत्तर बरोबर येते. दिशा चुकलेल्याचेही येते, कारण सगळी मापे उलटी झाली तरी त्यांच्यातला फरक तेवढाच राहतो. तीनपैकी दोन चुका पूर्ण मार्क घेऊन जातात. असाच पोरगा उद्या हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात रिबोअरचे, म्हणजे घासलेला बोअर पुन्हा कातून मोठा करण्याचे, माप ठरवेल, तेव्हा ओव्हॅलिटी बरोबर असून भागणार नाही. म्हणून सहा कच्ची मापे कागदावर घ्या आणि तो कागद टाकून देऊ नका. खरा डेटा तोच.

चुकांची अशी विभागणी झाली की शिकवणीतला बदल आपोआप सुचतो. दिशा चुकवणाऱ्याला व्हिडिओचा उपयोग नाही. त्याला अंगठ्याने प्लंजर दाबायला लावून काटा कुठे जातो ते बघायला सांगा, दोन मिनिटांचे काम. शून्य चुकवणाऱ्याला सहा मापांनंतर गेज पुन्हा मायक्रोमीटरमध्ये धरायला लावा. गेज झुलवण्याला मात्र सरावाशिवाय इलाज नाही.

तपासणीसाठीच्या सिलिंडरचे खरे माप आधी ठरलेले हवे. तिघा निदेशकांनी प्रत्येकी पाच वेळा मोजावे, एकमेकांची मापे न बघता. खोलीसाठी गेजच्या दांड्यावर टेपच्या खुणा करा, नाहीतर प्रत्येक पोरगा वेगळ्याच जागी मोजेल आणि आपण त्याला चूक म्हणू.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. मापनाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस, आणि मे महिन्यात आपल्या वर्कशॉपमध्ये 42 सहज असते. पोलादी मायक्रोमीटर आणि बिडाचा सिलिंडर जवळपास सारखेच फुगतात, तेव्हा दोन्ही तासभर एकाच टेबलावर असतील तर फारसे बिघडत नाही. पण अॅल्युमिनियमचा पिस्टन त्यांच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. 50 मिलिमीटरच्या पिस्टनवर 22 अंशांत पोलादाच्या तुलनेत सुमारे 0.01 मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे मायक्रोमीटरचा एक पूर्ण लीस्ट काउंट, त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप. पिस्टन आणि बोअरमधला क्लिअरन्सच (मोकळी जागाच) मुळात मिलिमीटरच्या शतांशांत असतो. सकाळची बॅच आणि दुपारची बॅच यांची तुलना करणार असाल, तर वेळा आलटून-पालटून द्या.

राहिला तपासणारा. समजा 20 पोरांना दोन निदेशकांनी पास-नापास ठरवले. 16 जणांना दोघांनी पास केले, एकाला दोघांनी नापास, तिघांवर मतभेद. जुळणी 85 टक्के, ऐकायला झकास. पण पहिल्याने 18 आणि दुसऱ्याने 17 पास केलेत. इतके पास करणारे दोघे डोळे मिटून खुणा करतील तरी 78 टक्के जुळतील. योगायोगाचा हा भाग वजा करून कोहेनचा कप्पा, म्हणजे दोन तपासणाऱ्यांच्या खऱ्या जुळणीचा आकडा (पूर्ण जुळले तर 1, निव्वळ योगायोग असेल तर 0), काढला, तर उरतो 0.32. अशा तपासणीवर कुठल्याही पद्धतीचा विजय जाहीर करू नये.

कप्पा सुधारायला ‘हाताळणी चांगली’ असे शेरे काढून टाका. त्याजागी हो-नाही लिहिता येतील असे प्रश्न ठेवा: मायक्रोमीटरचा रॅचेट (ठरावीक दाबानंतर टकटक वाजणारी मूठ) वाजवला का? बोअर पुसला का? शेवटी शून्य पुन्हा पाहिले का? कागदावर नाव नको, फक्त नंबर. आणि नंतरची चाचणी शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी उरकू नका. तीच सहा मापे सहा आठवड्यांनी, न सांगता, पुन्हा घ्यायला लावा. त्यासाठी सिलिंडर तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा. पावसाळ्यात बोअरला गंज धरला की ठरवलेले खरे माप गेले, आणि तिघा निदेशकांना पुन्हा पंधरा वेळा मोजत बसावे लागेल.