फ्रीजमधलं इंजेक्शन

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस व्हायचं. त्यांची ईपीओची, म्हणजे एरिथ्रोपोएटिनची, इंजेक्शनं आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या घरी फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी असत. मी मुलांना धावणं शिकवतो. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा पाणी घ्यायला गेला आणि ते खोकं बघून थबकला. "सर, याच्यानंच स्टॅमिना वाढते म्हणतात ना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

ईपीओ निरोगी माणसाची किडनी स्वतःच बनवते. त्याचा सांगावा पोहोचला की हाडांतली मज्जा तांबड्या पेशी तयार करते आणि त्या स्नायूंना प्राणवायू पुरवतात. बाबांच्या किडन्यांनी हे काम सोडलं होतं. इंजेक्शनांमुळे ते निदान जिना तरी चढू शकत. तेच औषध काही सायकलपटू, धावपटू धडधाकट अंगात टोचून घेतात. काही जण आपलंच रक्त काढून पिशवीत थंड ठेवतात आणि शर्यतीच्या तोंडावर परत चढवतात. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या काही सायकलपटूंनी रक्त चढवून घेतलं होतं. तेव्हा त्यावर बंदीही नव्हती. ईपीओ पकडणारी चाचणी 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये आली. अशाच चोरीपायी अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची सातही विजेतेपदं 2012 मध्ये गेली.

आता खेळाडूच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं नोंदवतात. त्याला जैविक पासपोर्ट म्हणतात. बाहेरून रक्त चढलं की मज्जा हात आखडते, कोवळ्या पेशी कमी होतात, आणि चोरी तिथे उघडी पडते. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण इथे खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

पण त्या पोराबद्दल मला वाटणारी भीती वेगळी होती. पेशी फाजील वाढल्या की रक्त दाट होतं. त्यात आपला मे महिना, 45 अंशांचं ऊन. घाम गेला की ते आणखी दाटतं. गुठळी हृदयात किंवा मेंदूत अडकली तर कसली भरती!

मी त्याला बाबांच्या खाटेशी बसवलं. त्यांनी बाही वर करून फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेनं केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, दाखवला आणि पोराचं बोट त्यावर ठेवलं. आतली थरथर लागताच त्यानं हात मागे घेतला. बाबांनी विचारलं, "सोळाशे मीटरला किती लागतात रे?"

"पाच वीस, काका."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो सेमिनरी हिल्सच्या चढाखाली माझ्याआधी येऊन उभा होता.