शेंडा शाबूत

(पहाट. उरुळी कांचन. शेडनेटखाली पाण्याची धार.)

डिसेंबरात सोलापूर रस्त्याला पहाटेची थंडी चांगलीच झोंबते. मावशींनी साडीवर पुरुषी शर्ट चढवलाय, कानाला मफलर. हातात पाइप. समोर ओळीनं उभी आहेत नाताळची झाडं. पाटीवर नाव आहे ‘अरोकेरिया’, गिऱ्हाईक म्हणतं ‘ख्रिसमस ट्री’, आणि मावशी म्हणतात ‘किसमिस’.

“किसमिसला आज पाणी नाही. माल निघायचाय.”

(झाड, अगदी जवळून.)

खोडाच्या एकाच उंचीवरून पाच-सहा फांद्या निघतात, उघड्या छत्रीच्या काड्यांसारख्या. मग वीतभर मोकळं खोड, मग पुन्हा तसाच घेर. आणि सगळ्यांत वर हा शेंडा. करंगळीएवढा, पोपटी. नर्सरीतले मामा तो दाखवताना बोट लांबच ठेवतात. शेंडा मोडला म्हणून झाड मरत नाही, पण मग बाजूनं दोन-तीन शेंडे फुटतात आणि ज्या त्रिकोणासाठी पैसे मोजले तो त्रिकोण जातो. आणखी एक गंमत मामांनी सांगितली. आडवी फांदी तोडून लावली तर ती जगते, मुळंही धरते, पण वाढते आडवीच. वर जायचं असतं हे तिला ठाऊकच नसतं. म्हणून रोप करायचं ते बियांपासून, नाहीतर शेंड्याच्या छाटापासून.

(नकाशा.)

हे झाड मूळचं कुठलं? ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, भर समुद्रात नॉरफोक नावाचं बेट आहे. जेमतेम ३५ चौरस किलोमीटर. १७७४ मध्ये कॅप्टन कुक तिथं उतरला, ही उंच सरळ झाडं पाहिली आणि हरखला, की जहाजांच्या डोलकाठ्यांची सोय झाली. पुढं लाकूड त्या कामाचं निघालं नाही. झाड मात्र बेटाच्या झेंड्यावर जाऊन बसलं, आणि कुंडीत बसून जगभरच्या दिवाणखान्यांत पोचलं. याचा एक सख्खा भाऊ आहे, कुक पाइन. लहानपणी दोघं ओळखू येत नाहीत, आणि नर्सऱ्यांत सर्रास एकाच नावानं विकले जातात. भाऊ मोठेपणी किंचित कलतो, तोही विषुववृत्ताकडे. म्हणजे पुण्यात दक्षिणेला.

भेटकार्डावरचं बर्फातलं झाड वेगळं. ते फर, थंड मुलखातलं. १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि ही जर्मन चाल घरोघर गेली. पुण्याच्या उन्हाळ्यात फर कुंडीत टिकायचा नाही. मग इथं काय करायचे? नाना पेठेतल्या या आजींना विचारलं.

(आजी, दारातली कागदी चांदणी.)

“सुरूची फांदी. डालड्याच्या डब्यात वाळू भरायची, त्यात खोचायची. वर कापूस पिंजून. झाला बर्फ.”

(मोबाइलचा पडदा.)

आता आजींची नात फोनवर झाड शोधते. ‘रिअल’ असं लिहिलं की पहिल्यांदा प्लास्टिकच समोर येतं, ‘रिअल फील’ पानांचं. थेट ‘अरोकेरिया’ लिहिलं तर जिवंत रोपं दिसतात. फोटोत तेव्हाही बर्फच असतो.

आम्हीही एक मागवलं, चित्रीकरणासाठी. कुठून, ते जाऊ द्या. लिहिलं होतं ‘३ फूट’. ही टेप बघा. जमिनीपासून शेंड्यापर्यंत २ फूट १० इंच, त्यातली ८ इंच कुंडी. आणि शेंड्यापर्यंत म्हणायचं ते सवयीनं, कारण खोकं उलटं आलं होतं. तक्रार केली तर उत्तर आलं, रोप सजीव असल्यानं थोडाफार बदल नैसर्गिक आहे.

(नर्सरी. बांधणी.)

म्हणून ही बांधणी आम्ही पूर्ण टिपली.

पाणी आदल्या दिवशी. माती ओलसर हवी, गच्च नको, नाहीतर पुठ्ठा भिजून खालून सुटतो. कुंडीच्या तोंडावर वर्तमानपत्राची जाड घडी, खोडाभोवती चिरून बसवलेली, त्यावर चिकटपट्टीचे दोन फेरे. आता झाड आडवं झालं तरी माती सांडत नाही. मग फांद्या. मामा खालच्या घेरापासून सुरू करतात. फांदी वर वळते, खाली दाबली की सांध्यातून निखळते, आणि त्या जागी दुसरी येत नाही. एका हातानं घेर उचलायचा, दुसऱ्यानं कागद गुंडाळत वर जायचं. साडी नेसवावी तसं. सुतळी सैल, गाठ ओढून सुटणारी. सोबत कुंडीत बांबूची काठी खोचतात, शेंड्यापेक्षा चार बोटं उंच. खोकं आपटलंच तर मार काठी खाते. शेवटी खोक्याला भोकं, आणि चारही बाजूंना मार्करनं मोठे बाण.

“बाण कोण वाचतं हो?” मामा हसतात आणि पाचवा बाण झाकणावर काढतात.

कुरिअरवाला वजनावर पैसे घेतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या रोपांत मातीऐवजी बराचसा कोकोपीट असतो, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. हलका, पण एकदा कोरडा ठाक झाला की पाणी कडेनं निसटतं आणि गोळा आतून सुकाच राहतो. घरी आणल्यावर कुंडी तासभर पाण्याच्या बादलीत ठेवावी. बरीच झाडं जानेवारीत वाळतात, ती अंधाऱ्या कोपऱ्यात राहून किंवा पाणी कमीजास्त होऊन.

(टेम्पो. हडपसरची गर्दी. क्वार्टर गेट.)

नाना पेठेतलं हे सिटी चर्च. पेशव्यांच्या फौजेतल्या पोर्तुगीज ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली, त्या जागेवरचं. टेम्पो इथून डावीकडं वळतो, कारण समोर रस्ता खणलाय.

(आजींचं घर. खोकं उघडताना.)

नातीनं आधी व्हिडिओ सुरू केला. खोकं फुटलेलं निघालं तर पुरावा. सुतळीची गाठ ओढली, कागद सुटला, फांद्या हळूहळू खाली येतायत. पूर्ण पसरायला रात्र जाईल. खिडकीजवळ जागा केलीय, उजेड आहे, पंखा लांब. दिवे एलईडीचे, गरम न होणारे.

धाकटा स्टुलावर चढलाय, हातात चमकीची चांदणी. आजी खालून ओरडतात, “शेंड्याला नको रे बाळा! काठीला बांध.”

(चांदणी, काठीवर. पुढे निवेदन नाही.)