एका पत्त्यामागे हजारो माणसं

मित्रहो, प्रवेशाच्या वेळी संगणक आणि नेटवर्क वापराच्या नियमांखाली तुम्ही सगळ्यांनी सही केली आहे. ते वाचून सही करणारे थोडेच असतात, आणि दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. 'नेटवर्कचा गैरवापर करू नये' या वाक्यातून नेमकं काय करू नये हे कुणालाच कळत नाही. म्हणून आज नियम वाचून दाखवणार नाही. हे नेटवर्क चालतं कसं ते सांगतो.

विद्यापीठात हजारो यंत्रं आहेत, पण बाहेरच्या जगाला ती मोजक्याच पत्त्यांवरून दिसतात. पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस, नेटवर्कवर यंत्राला मिळणारा क्रमांक. तुमच्या लॅपटॉपला मिळणारा पत्ता खासगी असतो, बहुधा १० किंवा १७२ ने सुरू होणारा. बाहेर पडताना फायरवॉल, म्हणजे विद्यापीठ आणि इंटरनेट यांच्या मधलं राखणदार यंत्र, तो काढून विद्यापीठाचा सार्वजनिक पत्ता लावते. याला नॅट म्हणतात. त्यामुळे समोरच्याला, मग तो प्रकाशक असो, बँक असो की सायबर पोलीस, दिसतं ते विद्यापीठ. तुमची खोली किंवा तुमचं नाव त्याला दिसत नाही. त्याने तो पत्ता अडवला, की त्या पत्त्यामागचे सगळेच अडतात.

याचा सर्वांत मोठा फटका ई-जर्नल्सना बसतो. सरकारी संस्थांना संशोधनाची नियतकालिकं वाचायला देणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, आणि लाभ केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र, ती चालवतं. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला मोठ्या संस्थेइतकंच वाचायला मिळावं, ही फार मोलाची गोष्ट आहे. कॅम्पसमध्ये बसून तुम्ही लेख उघडता तेव्हा प्रकाशक बहुधा पासवर्ड विचारत नाही, तो पत्ता बघतो. आता एखादा संशोधक विद्यार्थी पायथन भाषेतली दहा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लावून एका नियतकालिकाचे सगळे अंक रात्रीतून उतरवायला घेतो. माणूस मिनिटाला एखाद-दुसरा लेख उघडतो, स्क्रिप्ट शेकड्यांनी मागते. प्रकाशकाची यंत्रणा हा वेग ओळखते आणि पत्ता बंद करते. सकाळी ज्याला प्रबंधातला शेवटचा संदर्भ तपासायचा आहे त्याच्यासमोर 'प्रवेश नाही' येतं. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या संस्थेलाही जेस्टोर या नियतकालिकांच्या डिजिटल संग्रहाने याच कारणाने काही दिवस बंद ठेवलं होतं.

हे स्क्रिप्टनेच होतं असं नाही. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चारशे नोंदी एकदम निवडून 'पीडीएफ शोधा' म्हटलं, तरी समोरून तसंच दिसतं. पानावरचे सगळे दुवे आधीच उघडून ठेवणारी ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही हेच करतात. शब्दांवर, मजकुरावर संशोधन करायचं असेल आणि हजारो लेख खरोखरच हवे असतील, तर त्याला वेगळी वाट आहे. बरेच मोठे प्रकाशक त्यासाठी एपीआयची, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागायच्या अधिकृत दाराची, किल्ली देतात, ती ग्रंथालयामार्फत मागा. अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या संग्रहाचा एपीआय खुला आहे, पण त्यांची अट आहे: एका वेळी एकच जोडणी आणि दोन मागण्यांमध्ये तीन सेकंदांचं अंतर. स्क्रिप्टमध्ये ती तीन सेकंदांची झोप टाकायला एक ओळ लागते.

आता वसतिगृह. तिथल्या निम्म्या तक्रारी एकाच साच्याच्या असतात: 'वायफाय जोडलेलं दिसतं, इंटरनेट नाही.' पुष्कळदा याच्या मुळाशी कुणीतरी घरून आणलेला राऊटर असतो. त्याच्या मागे एक वॅनचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या केबलचं, भोक असतं, बहुधा निळं, आणि चार लॅनची, म्हणजे आतल्या यंत्रांसाठीची. भिंतीतली केबल वॅनमध्ये न घालता लॅनमध्ये घातली, की राऊटरमधला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारा भाग, मजल्यावरच्या सगळ्यांना पत्ते वाटू लागतो. नवा लॅपटॉप नेटवर्कवर आला की 'मला पत्ता द्या' असं सगळ्यांना उद्देशून विचारतो आणि सहसा जे उत्तर आधी येईल ते धरतो. विद्यापीठाचा सर्व्हर दूर, तुमचा राऊटर शेजारच्या खोलीत. त्याचंच उत्तर आधी पोचतं. शेजाऱ्याला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, आणि त्याची सगळी वाहतूक त्या डबीकडे जाऊन तिथेच संपते.

ओळखायचं कसं? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' आणि पुढे 'स्लॅश ऑल' (ipconfig /all) लिहा. 'डीएचसीपी सर्व्हर' आणि 'डिफॉल्ट गेटवे' या ओळी बघा. तिथे १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ दिसलं आणि तुमच्या वसतिगृहाचे पत्ते १० चे असतील, तर जवळपास कुठेतरी असा राऊटर आहे. त्या ओळींचा फोटो काढून संगणक केंद्राला पाठवा. त्यावरून स्विचचं, म्हणजे मजल्यावरच्या केबली जोडणाऱ्या डबीचं, नेमकं पोर्ट (भोक) शोधायला मदत होते. नव्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग ही सोय चालू केली की असे पत्ते वाटणं तिथेच अडतं. जिथे जुने किंवा साधे स्विच आहेत, तिथे शोध खोलीखोलीत जाऊनच घ्यावा लागतो.

याहून वाईट म्हणजे लूप. पाच भोकांचा स्वस्त स्विच, आणि एका केबलची दोन्ही टोकं चुकून त्यातच. केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पुडक्याला (इथरनेट फ्रेम) आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे सगळ्यांना उद्देशून पाठवलेला एक संदेश (ब्रॉडकास्ट) गोल गोल फिरत वाढत जातो आणि काही सेकंदांत मजला ठप्प होतो. म्हणून स्वतःचा राऊटर किंवा स्विच लावायचा तर आधी विचारायचं. खोलीत सिग्नल येत नसेल तर ती तक्रार करा. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारं यंत्र, बसवून देणं हे संगणक केंद्राचं काम आहे.

टॉरेंटबद्दल, म्हणजे लोकांच्या यंत्रांतून परस्पर फाइली वाटण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. ते उतरवताना चढवतंही, म्हणजे चोरीचा सिनेमा तुम्ही नुसता बघत नाही, विद्यापीठाच्या पत्त्यावरून वाटता. शिवाय एक टॉरेंट शेकडो जोडण्या उघडतं आणि फायरवॉलचा जोडण्यांचा तक्ता भरत जातो. परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवशी तेच नडतं. काही फुकट व्हीपीएन (आपला पत्ता लपवणारी) ॲप तर तुमच्याच फोनमधून परक्यांची वाहतूक बाहेर काढतात. तिचा हिशेब तुमच्या नावावर मांडला जातो.

नावाचा हिशेब कसा ठेवतात तेही तुम्हाला माहीत हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि घड्याळं अधिकृत वेळेशी जुळलेली लागतात. तक्रारीत सार्वजनिक पत्ता, पोर्ट (इथे भोक नव्हे, जोडणीचा क्रमांक) आणि वेळ असते. नॅटच्या नोंदीतून आतला पत्ता मिळतो, डीएचसीपीच्या नोंदीतून यंत्र, लॉगिनच्या नोंदीतून नाव. म्हणून मित्राला दिलेला पासवर्ड म्हणजे कोऱ्या कागदावरची सही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पाहुणा दुसऱ्या विद्यापीठातून आला असेल तर त्याला एज्युरोम (eduroam) हे विद्यापीठांचं सामाईक वायफाय वापरू द्या. त्याचा त्याच्याच संस्थेचा आयडी इथे चालतो.

पण नोंदी ठेवणाऱ्यांवरही बंधन हवं. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे संकेतस्थळाशी होणाऱ्या सांकेतिक संवादामुळे, फायरवॉलला साधारणपणे संकेतस्थळाचं नाव, वेळ आणि किती डेटा गेला एवढं दिसतं, मजकूर दिसत नाही. संस्थेने स्वतःचं प्रमाणपत्र तुमच्या यंत्रात टाकायला सांगितलं तर मात्र मजकूरही दिसू शकतो, तेव्हा ते का हवं हे जरूर विचारा. एखाद्या विद्यार्थ्याने काय पाहिलं याची शिक्षकाला उत्सुकता आहे, हे नोंदी उघडायचं कारण होऊ शकत नाही. लेखी तक्रार, ठरलेला अधिकारी, आणि कोणी कधी पाहिलं याची नोंद, हे नियमात लिहिलेलंच असलं पाहिजे. काही नियमावल्यांत अजूनही 'कलम ६६-अ नुसार कारवाई' असं छापलेलं असतं. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, त्यानंतर ही लढाई न्यायालयात गेली. महाराष्ट्रातल्या विद्यापीठाने तरी ते कलम आपल्या नियमांत ठेवू नये.

शेवटचा विषय मेलचा. 'तुमची मेलपेटी भरली आहे, इथे लॉगिन करा' असा मेल येतो, पान हुबेहूब आपलं दिसतं. पासवर्ड टाकला गेला, की त्या खात्यावरून हजारो मेल सुटतात. आपलं डोमेन काळ्या यादीत जातं आणि प्रवेशाची खरी पत्रं विद्यार्थ्यांच्या स्पॅममध्ये पडतात. असं झालं तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. सगळीकडचं लॉगिन बंद करा. मग सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा; आलेली उत्तरं परस्पर पुसणारा फिल्टर चोर बरेचदा मागे ठेवून जातो. रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना, तेही तपासा.

आणि लगेच कळवा, लाजून दोन दिवस थांबू नका. सर्ट-इनला अशी घटना कळवायला संस्थेकडे कळल्यापासून सहा तास असतात, आणि खातं जितका वेळ चोराच्या हाती तितके मेल जास्त. मेल नुसता फॉरवर्ड केला तर मूळ हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद, निघून जातो आणि तो कुठून आला ते शोधता येत नाही. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'शो ओरिजिनल' निवडा, फाईल उतरवून घ्या आणि ती जोडून पाठवा. सोबत दोनच गोष्टी लिहा: दुवा किती वाजता दाबला, आणि पासवर्ड टाकला होता की नाही.