पट्टा कुठून येतो? जुन्या प्रोजेक्शन टीव्हीतला दोष शोधताना

[दृश्य: अंधारी खोली. मोठ्या पडद्यावर फिकट आडवा पट्टा सावकाश वर सरकतो आहे.]

हा पट्टा नीट पाहा. खालून निघतो, वर जातो, दिसेनासा होतो आणि पुन्हा खालून येतो. सेट जुना, त्यामुळे पहिला संशय सेटवरच. ‘ट्यूब गेली’ म्हणायचं आणि टीव्ही भंगारात द्यायचा. हे बघवत नाही, कारण असा पट्टा पुष्कळदा टीव्हीतला नसतोच. तो तारेतून आत आलेला असतो.

[दृश्य: मागचं झाकण काढलेला सेट. तीन ट्यूबा, भिंगं, आरसा.]

प्रोजेक्शन टीव्हीत लाल, हिरवी आणि निळी अशा तीन छोट्या पिक्चर ट्यूबा असतात, साधारण ७ इंची. प्रत्येकीपुढे भिंग, वर तिरका आरसा, आणि चित्र पडद्यावर मागच्या बाजूने पडतं. एवढ्याशा ट्यूबवरचं चित्र ५० इंचांवर पसरतं. छोट्या टीव्हीवर नजरेतून सुटणारा दोष इथे ठसठशीत दिसतो तो त्यामुळेच.

मग शोध कुठून सुरू करायचा? पेचकस बाजूला ठेवा आणि रिमोट घ्या. टीव्हीचा स्वतःचा मेनू लावा. त्यातली अक्षरं सेटच्या आत तयार होतात, बाहेरच्या सिग्नलशी त्यांचा संबंध नसतो. चित्रात पट्टे आहेत आणि मेनू मात्र स्वच्छ, तर दोष बाहेरून येतोय. मेनूही बिघडलेला असेल, तर मागच्या सगळ्या वायरी काढा, अँटेनाचीसुद्धा, आणि पुन्हा बघा. सगळं सुटं करूनही मेनूवर पट्टे तसेच राहिले, तरच आतल्या बिघाडाचा विचार करायचा. एवढी चाचणी न करता मागचं झाकण उघडू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

आता तो सरकणारा पट्टा. टीव्ही आणि केबलची तार यांचं अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असलं, की तारेच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतून थोडा वीजप्रवाह वाहतो आणि मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, गुणगुण चित्रात मिसळते. जिथे वीज ६० हर्ट्झची आणि चित्र एनटीएससी या अमेरिकी ॲनालॉग पद्धतीचं, तिथे पडदा सेकंदाला ५९.९४ वेळा रंगवला जातो. या दोन आकड्यांतल्या जराशा फरकामुळे पट्टा वर सरकतो. एक फेरी साधारण १७ सेकंदांची. घड्याळ लावून बघा. वेळ जुळली तर मेन्सची गुणगुण पक्की. अँटेनाची किंवा केबलची तार काढताच पट्टा गेला, तर वाटही सापडली. त्या तारेत आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण हा प्रवाह अडवणारा जोड) बसवणं आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेणं हे त्यावरचे उपाय. प्लगची अर्थची पिन तोडायची मात्र नाही. त्याने पट्टा जाईलही, पण जिवाला धोका मागे राहील.

एकाऐवजी दोन पट्टे, आणि तेही सगळ्या तारा काढल्यावर? तर पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर (विजेतले चढउतार सपाट करणारा भाग) सुकला असण्याचा संभव मोठा.

मुंग्या म्हणजे सिग्नल कमजोर. तिरप्या, थरथरणाऱ्या रेषा म्हणजे जवळच्या एखाद्या ट्रान्समीटरची लुडबुड. तुटक आडव्या ठिणग्या दिसल्या, तर घरातल्या मोटारी एकेक करून बंद करून बघायच्या.

[दृश्य: पडद्यावर उभा खांब. त्याच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली.]

सावलीपाशी जरा थांबू या, कारण ती मोजता येते. पाल या भारतातल्या ॲनालॉग टीव्ही पद्धतीत एक ओळ रंगवायला ५२ मायक्रोसेकंद लागतात. ४:३ आकाराचा ५० इंची पडदा सुमारे १ मीटर रुंद, म्हणजे १ मायक्रोसेकंदाला जवळपास २ सेंटिमीटर. तेवढ्या वेळात लहरी ३०० मीटर जातात. सावली मूळ चित्रापासून ६ सेंटिमीटर दूर असेल, तर कुठल्यातरी डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून आलेला सिग्नल ९०० मीटरचा वळसा घालून पोचलाय. अशा वेळी अँटेनाची दिशा बदलायची. सावली डावीकडे पडली, तर सिग्नल केबलच्या आधी थेट हवेतून सेटमध्ये शिरतोय.

सावलीलाच कडेने रंग असतील, पांढऱ्या अक्षराच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळं, तर प्रकरण वेगळं. तीन ट्यूबांची चित्रं एकमेकांवर नेमकी बसत नाहीयेत. ती नेमकी बसवण्याला कन्व्हर्जन्स म्हणतात, आणि इथे तेच बिघडलंय. सेट २०-३० मिनिटं तापू द्या आणि मेनूतली चौकटींची जाळी लावा. रेषा सगळीकडे थोडी सरकली असेल, तर रिमोटने जुळवता येते. पण एकाच रंगाची रेषा धनुष्यासारखी वाकली असेल आणि काही केल्या हलत नसेल, तर कन्व्हर्जन्सची आयसी, म्हणजे चिप, गेली. एसटीके३९२ मालिकेतल्या या आयसी खूप तापतात आणि या सेटांत नेहमी दगा देतात. आयसी बदलताना आजूबाजूचे रेझिस्टरही मोजून घ्यावेत, नाहीतर नवी आयसीही टिकत नाही.

टिक्-टिक् आवाज आणि त्याच्याच तालावर चित्रात चमकणाऱ्या रेषा, हे मात्र गंभीर लक्षण. ट्यूबांना ३०,००० व्होल्टच्या घरातला दाब लागतो आणि तो कुठेतरी उडी मारतोय. सेट लगेच बंद करा, प्लग काढा. ट्यूबमध्ये त्यानंतरही चार्ज राहतो, म्हणून पुढचं काम जाणकाराचं.

[दृश्य: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, भोवती धूसर प्रभा.]

ही धूसर प्रभा सिग्नलमुळे आलेली नाही. ट्यूब आणि भिंग यांच्यामध्ये थंडाव्यासाठी ग्लायकॉलयुक्त द्रव असतो. वर्षांनी तो गढूळ होतो, कधी त्यात बुरशीसारखी वाढही दिसते. सेट बंद असताना भिंगातून टॉर्चने पाहिलं की कळतं. द्रव बदलता येतो आणि फरक लखलखीत पडतो. बदलल्यावर त्या भिंगाचा फोकस नव्याने लावायचा आणि कन्व्हर्जन्सची जाळी पुन्हा एकदा तपासायची.