थाळनेरचा शिक्रा

(पहाट. तापीकाठ. पाखरांचा कलकलाट एकदम थांबतो.)

चिमण्या गप्प झाल्या. खार लिंबाच्या खोडाला चिकटून राहिली. म्हणजे तो आला.

हे थाळनेर, तालुका शिरपूर. मागे खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी, समोर तापी, आणि लिंबाच्या वाळक्या फांदीवर शिक्रा. कबुतराएवढाच, पण शिकारी पक्षी. पाठ राखाडी, छातीवर फिकट तांबूस पट्टे, डोळे लाल, म्हणजे नर. मादी याच्याहून मोठी, तिचे डोळे पिवळसर.

या पक्ष्याला एके काळी माणसं शिकारीसाठी हातावर बसवत. बहिरी ससाणा आणि बाज हे मानाचे पक्षी. शिक्रा लवकर शिकतो, म्हणून बाजदार, म्हणजे शिकारी पक्षी शिकवणारे, त्याच्याकडून लहान पाखरं मारून घेत आणि त्या मानाच्या पक्ष्यांना चारत. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला, फारुकींचं राज्य संपलं, खानदेशाचं नाव ‘दानदेश’ झालं. त्याच्या दरबारच्या ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात शिकारी पक्ष्यांच्या खुराकाची नोंद आहे. इतरांकडे दिवसातून एकदा मांस, दरबारात दोनदा.

खुराकाची एवढी काळजी का? कारण पक्षी शिकवण्याच्या या विद्येत सगळं वजनावर चालतं. पक्षी रोज तराजूवर. पोट भरलेलं असेल तर तो झाडावरच बसून राहतो, हाका मारा नाहीतर मांस दाखवा. फार उपाशी ठेवला तर खंगतो, मरतोही. आधी तासन्‌तास चामड्याच्या हातमोज्यावर त्याला घेऊन नुसतं बसायचं. हातावरचं खाऊ लागला की लांब दोरी बांधून दहा पावलांवरून बोलवायचं, मग वीस. आणि एक दिवस दोरी सोडायची. इथे दरडावणं चालत नाही. एकदा बिथरला की महिन्याची मेहनत वाया. कुत्र्यासारखा लळा त्याला लागत नाही. तरी सगळं आभाळ मोकळं असताना तो वळतो आणि हातावर उतरतो. त्या एका क्षणासाठी जगात आजही माणसं आपले सणवार, गावी जाणं, झोप सोडून देतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिक्रा पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. मला हा कायदा मनापासून पटतो. मेहनत घ्यायची हौस मात्र होती, म्हणून एक अख्खा उन्हाळा मी या लिंबाखाली काढला.

पहिल्याच आठवड्यात चुकलो. घरट्याच्या फार जवळ गेलो. मादी उडाली आणि बराच वेळ फिरकली नाही, अंडी उघडी पडली. अजून आठवलं की जिवाला लागतं. त्यानंतर लांबच्या गोठ्याआडून पाहिलं. रोज तीच जागा, तोच सदरा. अंडी उबायला तीन आठवडे लागतात. पिल्लं निघाली तेव्हा पारा पंचेचाळिशीकडे गेला होता. मादी पंख पसरून त्यांच्यावर सावली धरून उभी, चोच उघडी, धापा टाकत. नर सरडे आणून द्यायचा.

“काय देखी राहिनात, भाऊ?” गोठ्याच्या मालकांनी विचारलं. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांचं दूध काढायचं राहिलं.

(मृगाचे ढग. तीच वाळकी फांदी.)

धाकटं पिल्लू आज पहिल्यांदा उडालंय. शेजारच्या लिंबावर आदळलं, लोंबकळलं, सावरलं. नर सरडा घेऊन या फांदीवर बसलाय आणि हाक देतोय. टि-ट्यू. टि-ट्यू.

पिल्लू मान वळवतं. पंख उघडतं.